सुई, ससे आणि दुखणं

१ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबई बंदरातून 'राजपुताना' ही बोट पूर्वेकडे निघाली. तिच्यावर काँग्रेसनं चीनला पाठवलेले पाच डॉक्टर होते. पथकाचे प्रमुख मदनमोहन अटल हे स्पेनच्या यादवी युद्धात जखमींची सेवा करून आलेले. देबेश मुखर्जी आणि विजयकुमार बसू कलकत्त्याचे. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात शिकलेले, वय अवघं सत्तावीस. आणि पथकाचे उपप्रमुख डॉ. चोळकर, नागपूरचे. आपलं यवतमाळ तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होतं आणि नागपूर ही त्या प्रांताची राजधानी. मराठी मुलखातल्या दोन टोकांचे दोन डॉक्टर या मोहिमेवर होते, आणि त्यातलं एक टोक आपलं होतं. कोटणिसांच्या कीर्तीखाली चोळकरांचं नाव झाकून गेलं, म्हणून ते आधी सांगितलं.

जपाननं जुलै १९३७ मध्ये चीनवर पूर्ण ताकदीनिशी चढाई केली होती. चिनी सेनानी चू तेह यांनी नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. पुढच्या वर्षी काँग्रेसचे अध्यक्ष झालेल्या सुभाषचंद्र बोसांनी देशभर आवाहन केलं, निधी जमला, एक ॲम्ब्युलन्स घेतली गेली आणि पाच माणसं तयार झाली. ती गेली ती गोळ्या काढायला, हातपाय कापायला आणि जखमा शिवायला. सुया टोचायला शिकावं, हे त्यांतल्या कोणाच्या मनातही नव्हतं. आधुनिक वैद्यक देण्यासाठी निघालेल्या या पथकामुळेच पुढं ॲक्युपंक्चर हा एक प्राचीन चिनी उपचार भारतात आला. त्या उपचारानं शरीरात नेमकं काय घडतं, हे शोधायला मात्र जगाला त्यानंतर कित्येक दशकं लागली, आणि काम अजून संपलेलं नाही.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक चिनी कम्युनिस्टांच्या येनान या तळावर पोहोचलं. चोळकर आणि मुखर्जी त्याच वर्षी परतले, अटल १९४० मध्ये. बसू आणि कोटणीस राहिले. कोटणीस जानेवारी १९४१ मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले, त्याच वर्षी त्यांनी परिचारिकांना शिकवणाऱ्या कुओ चिंगलान यांच्याशी लग्न केलं, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी फेफऱ्याच्या झटक्यानं वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गेले. मुलगा तेव्हा काही महिन्यांचा होता. १९४६ साली व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर चित्रपट काढला आणि कोटणीस घराघरांत पोहोचले.

आज लुधियान्यापासून कोलकात्यापर्यंत ॲक्युपंक्चरच्या दवाखान्यांना आणि संस्थांना कोटणिसांचं नाव दिलेलं आढळतं. त्यामुळे सुया त्यांनीच आणल्या असा अनेकांचा समज होतो. कोटणीस हे शेवटपर्यंत सर्जन होते. चीनमधल्या क्रांतिकारी इलाख्यांत सुईला नवी प्रतिष्ठा मिळू लागली ती त्यांच्या मृत्यूनंतर. भारतात ती आणली बसूंनी, आणि तीही मोहिमेनंतर वीसेक वर्षांनी.

ही प्रतिष्ठा नवी का म्हणायची? सुया टोचण्याची विद्या तर दोन हजार वर्षांहून जुनी. पण खुद्द चीनमध्ये तिचे दिवस फिरले होते. १८२२ मध्ये बादशहानं राजवैद्यांच्या शाळेतून हा विषय काढून टाकला. १९२९ मध्ये राष्ट्रवादी सरकारपुढं सगळं पारंपरिक वैद्यकच मोडीत काढण्याचा ठराव आला होता. शिकलेल्या चिनी माणसाला सुईवाला म्हणजे मागासलेपणाची खूण वाटे. मग युद्ध आलं. डोंगराळ इलाख्यात लाखो माणसं, आधुनिक डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, औषधांची नाकेबंदी. १९४४ मध्ये माओनं नव्या डॉक्टरांना सांगितलं की, जुन्या वैद्यांना सोबत घ्या, त्यांना सुधारा, पण दूर सारू नका. सैन्यातल्या डॉक्टर चू ल्येन यांनी ही विद्या शिकून घेतली. १९५१ मध्ये त्यांचं 'नवं ॲक्युपंक्चर' सांगणारं पुस्तक आलं, त्यात सुईच्या परिणामाची उकल मज्जासंस्थेच्या आधारे करायचा प्रयत्न होता. गरजेनं घेतलेल्या उपायाला शास्त्राचा आधार शोधायची सुरुवात इथून झाली, असं मला वाटतं. डॉक्टर नाहीत, औषध नाही, आणि सुई स्वस्त आहे: कारण इतकं साधं होतं.

३० ऑगस्ट १९५८ रोजी शांघायच्या एका रुग्णालयात टॉन्सिलच्या रुग्णाला भुलेचं औषध न देता, फक्त सुया टोचून शस्त्रक्रिया पार पडली. भूल देण्यासाठी सुई वापरण्याचा तो पहिला नोंदलेला प्रसंग मानला जातो. बातमी पसरली आणि चीनभर चढाओढ लागली. योगायोग असा की विजयकुमार बसू याच सुमारास पुन्हा चीनमध्ये होते आणि ही विद्या रीतसर शिकत होते. १९५९ मध्ये ते कलकत्त्याला परतले आणि त्यांनी सुईनं उपचार सुरू केले. जुन्या मोहिमेतला त्यांचा सोबती सतरा वर्षांपूर्वी चिनी मातीत गेला होता. बसूंनी आपल्या कामाला त्याचं नाव जोडलं आणि कोटणीस स्मारक समितीमार्फत हा उपचार देशभर नेला.

इथपर्यंतची गोष्ट श्रद्धेची आणि सेवेची आहे. शास्त्राची गोष्ट १९६५ मध्ये बीजिंगमध्ये सुरू होते.

हान जीशेंग हे बीजिंग मेडिकल कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवणारे तरुण प्राध्यापक. पाश्चात्त्य वैद्यकात तयार झालेले, सुयांवर विश्वास नसलेले. सुईच्या भुलेमागचं कारण शोधा, असा वरून आदेश आला. त्यांना छातीची एक शस्त्रक्रिया पाहायला नेण्यात आलं. रुग्ण जागा, छाती उघडलेली, आणि त्याला सुया टोचलेल्या. हान यांनी पाहिलं ते नाकारलं नाही आणि त्याला देवत्वही दिलं नाही. त्यांनी मोजायला घेतलं.

हे मोजणं जवळून पाहण्यासारखं आहे. निरोगी स्वयंसेवकांच्या कातडीवर त्यांनी सौम्य, वाढवता येणारी वेदना निर्माण केली आणि ती कोणत्या टप्प्यावर जाणवायला लागते, ते नोंदवलं. मग अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या 'हेगू' या बिंदूवर सुई टोचून ती हातानं फिरवत ठेवली. सुई टोचताच वेदना थांबली, असं झालं नाही. सहनशक्ती हळूहळू चढत गेली आणि अर्ध्या तासाच्या आसपास शिखराला पोहोचली. सुई काढल्यावरही ती एकदम खाली आली नाही. ती ओसरत गेली, दर सोळा मिनिटांना साधारण निम्मी. विजेसारखा झटपट निरोप नेणारा चेतातंतू एकटा असा संथ वागत नाही. इतक्या सावकाश चढणारी आणि इतक्या सावकाश उतरणारी गोष्ट शरीरात स्रवणाऱ्या रसायनाची असते. हान यांनी आलेखाच्या वळणावरून हे ताडलं. दुखणं हाताला असो की पाठीला, परिणाम अंगभर दिसत होता, हेही त्याच तर्काला धरून होतं.

सांस्कृतिक क्रांतीनं हे काम बंद पाडलं. प्रयोगशाळांना कुलपं लागली, प्राध्यापक खेड्यांत पाठवले गेले. काम पुन्हा सुरू झालं ते सत्तरच्या दशकात, आणि त्याला बाहेरून एक धक्का मिळाला होता. जुलै १९७१ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'चे जेम्स रेस्टन बीजिंगमध्ये असताना त्यांचं ॲपेंडिक्स काढावं लागलं. शस्त्रक्रिया नेहमीच्याच औषधी भुलेखाली झाली. नंतर पोट फुगून अस्वस्थ वाटू लागलं, तेव्हा त्यांच्या उजव्या कोपरावर आणि गुडघ्यांखाली सुया टोचल्या गेल्या आणि त्यांना आराम पडला. २६ जुलैच्या अंकात त्यांनी हा अनुभव लिहिला. पुढच्या फेब्रुवारीत निक्सन चीनला गेले. अमेरिकेत कुतूहलाची लाट आली. त्या लाटेत रेस्टनची शस्त्रक्रियाच सुयांवर झाली, अशी चुकीची आवृत्ती जास्त फिरली आणि आजही फिरते. चिनी शस्त्रक्रियांच्या ज्या चित्रफिती तेव्हा जगभर दाखवल्या गेल्या, त्यांतही रुग्ण निवडून घेतलेले असत आणि पुष्कळदा सुयांच्या जोडीला गुंगीचं किंवा जागा बधिर करणारं औषध दिलेलं असे. हे सांगितल्याशिवाय या पर्वाचा इतिहास सांगू नये.

हान परत प्रयोगशाळेत आले आणि त्यांनी ससे घेतले. एका सशाला अर्धा तास सुया टोचल्या. त्याच्या मेंदूतल्या पोकळीत जो द्रव असतो, तो काढून दुसऱ्या सशाच्या मेंदूत सोडला. दुसऱ्याला सुई लागलेली नव्हती. तरी त्याला चटका सोसवू लागला. उष्णतेपासून डोकं मागे घ्यायला त्याला आधीपेक्षा जास्त वेळ लागला. सुई न टोचलेल्या सशाचा द्रव दिला, तेव्हा असं काही झालं नाही. साधं मिठाचं पाणी दिलं, तेव्हाही नाही. १९७४ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुईमुळे मेंदूत काहीतरी तयार होतं आणि ते एका प्राण्यातून दुसऱ्यात नेता येतं, हे यातून दिसलं. ते 'काहीतरी' काय, हे हान यांना तेव्हा ठाऊक नव्हतं.

शांघायमध्येही त्याच काळात एक साधा, पण निर्णायक प्रयोग झाला. टोचायच्या जागी आधी बधिर करणारं औषध खोलवर दिलं, तर सुईचा परिणाम होत नाही, असं आढळलं. म्हणजे सुईचा निरोप चेतातंतूंवाटेच जातो. तंतू झोपवला की सुई मुकी. 'ची' नावाची ऊर्जा स्वतंत्र वाहिन्यांतून वाहते आणि सुई तिची वाट मोकळी करते, ही परंपरेची मांडणी. त्या वाहिन्या शरीर उघडून कोणाला सापडल्या नाहीत. तंतू मात्र सापडले.

दरम्यान पश्चिमेकडे दुसऱ्याच वाटेनं तयारी होत होती. १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं की वेदनेचा निरोप मेंदूपर्यंत सरळ जात नाही, मज्जारज्जूत त्याला अडवणारी यंत्रणा आहे आणि स्पर्शाचे इतर निरोप ती बंद करू शकतात. १९७३ मध्ये मेंदूत अफूला चिकटून घेणाऱ्या जागा सापडल्या. मग प्रश्न आला: अफूसाठी जागा मेंदूत आधीपासून कशासाठी? १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन इथं जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलित्झ यांनी उत्तर दिलं. शरीर स्वतःच अफूसारखं रसायन बनवतं. त्यांनी त्याला एन्केफालिन म्हटलं. एंडॉर्फिन हे त्याच कुळातलं, आता सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव.

दोन वाटा इथं मिळाल्या. अफूचा अंमल उतरवणारं नॅलॉक्सोन हे औषध डॉक्टरांकडे होतंच. सुईचा परिणाम या अंतर्गत अफूमुळे होत असेल, तर नॅलॉक्सोन दिल्यावर तो पुसला गेला पाहिजे. १९७६ मध्ये टोरांटोच्या ब्रूस पोमेरांझ यांनी उंदरांवर ही कसोटी लावली, १९७७ मध्ये डेव्हिड मेयर आणि सहकाऱ्यांनी माणसांच्या दातांत मुद्दाम निर्माण केलेल्या वेदनेवर. दोन्हीकडे परिणाम पुसला गेला. पुढं हान यांनी दाखवलं की सुईतून विजेचा मंद प्रवाह सोडला, तर सेकंदाला दोन ठोक्यांना एक रसायन जास्त स्रवतं आणि शंभर ठोक्यांना दुसरं. ही मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते: हजारो वर्षांची एक समजूत, आणि तिला खोटं पाडायची पुरेपूर संधी देणारा प्रयोग.

पण कसोटी इथं संपली नाही. सिॲटलच्या एका प्रयोगशाळेत नॅलॉक्सोननं परिणाम पुसला गेला नाही. आणि १९७८ मध्ये दाढ काढलेल्या रुग्णांवरच्या एका अभ्यासानं सगळ्यांना विचारात टाकलं. औषध म्हणून नुसतं निरुपद्रवी पाणी दिल्यावरही काहींचं दुखणं कमी होतं, आणि तो आरामसुद्धा नॅलॉक्सोननं पुसला जातो, असं त्यात दिसलं. म्हणजे विश्वासानं मिळणारा आरामही त्याच रसायनांच्या वाटेनं येतो. सुईनं एंडॉर्फिन स्रवतं, एवढं सिद्ध झालं म्हणून सुईत विश्वासापलीकडचं काही आहे, असं सिद्ध होत नव्हतं.

१९७९ मध्ये पॅरिसच्या दानिएल ल बार आणि सहकाऱ्यांनी आणखी एक धागा दिला. शरीराच्या एका भागाला दिलेली वेदना दुसऱ्या भागातून येणाऱ्या वेदनेचे निरोप मज्जारज्जूतच दाबते, असं त्यांना उंदरांमध्ये दिसलं. यवतमाळच्या माणसाला हे ऐकून आपली आजी आठवेल. पोटात दुखलं की सुईच्या टोकाला बिब्ब्याचं तेल लावून कातडीवर ठिपके देणं, कंबर धरली की बिब्बा घालणं, काही वाडी-पोडांवर तापलेल्या लोखंडानं डागणं, हे सगळं आपल्या भागानं पिढ्यान्‌पिढ्या केलं. त्यानं क्षणभर बरं का वाटायचं, याचं एक उत्तर ल बार यांच्या उंदरांत आहे. त्याच वेळी हेही स्पष्ट म्हटलं पाहिजे की बिब्ब्यानं कातडी जळते, अंगावर उठतं, डागण्यानं जखम चिघळते, आणि लहान मुलांना तर त्यानं जिवाचा धोका होतो. बरं वाटण्याचं कारण सापडलं, म्हणजे उपचार योग्य ठरत नाही. डागण्याचं उदाहरण डोळ्यांपुढं ठेवलं, की सुईबद्दलचा पुढचा प्रश्न नीट विचारता येतो: खऱ्या बिंदूवर टोचलेली सुई आणि कुठंही टोचलेली सुई यांत फरक पडतो का?

हा प्रश्न प्रयोगशाळेतून दवाखान्यात आला तो नव्वदच्या दशकात. १९९८ मध्ये जर्मनीत एक खोटी सुई तयार झाली. ती कातडीला टेकते, रुग्णाला टोचल्यासारखी वाटते, पण आत जात नाही, मुठीत सरकते. मग मोठे अभ्यास झाले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन अभ्यासात जुनाट कंबरदुखीचे १,१६२ रुग्ण होते. त्यांचे यादृच्छिक पद्धतीनं तीन गट पाडले. एका गटाला शास्त्रोक्त बिंदूंवर सुया, दुसऱ्याला बिंदू सोडून वरवर सुया, तिसऱ्याला गोळ्या-व्यायाम असा नेहमीचा उपचार. सहा महिन्यांनी पहिल्या गटात ४७.६ टक्के लोकांना फायदा दिसला, दुसऱ्यात ४४.२ टक्के, तिसऱ्यात २७.४ टक्के.

हे आकडे दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीनं वाचतात. समर्थक पहिला आणि तिसरा शेजारी ठेवतात. विरोधक पहिला आणि दुसरा. मला तिन्ही एकत्र वाचावेसे वाटतात. नेहमीच्या उपचारापेक्षा सुया टोचून घेणाऱ्यांना स्पष्टपणे जास्त आराम पडला, पण कुठं टोचलं याला त्या अभ्यासात फारसं महत्त्व उरलं नाही. पुढं अँड्र्यू विकर्स यांच्या गटानं ३९ अभ्यासांतल्या २०,८२७ रुग्णांची माहिती एकत्र करून २०१८ मध्ये पुन्हा हिशोब मांडला. जुनाट दुखण्यांत खरी सुई खोट्या सुईपेक्षा सरस ठरली, पण थोडी. सुया न टोचून घेणाऱ्यांपेक्षा ती बरीच सरस ठरली, आणि आराम वर्षभरानंतरही बऱ्याच अंशी टिकलेला दिसला. म्हणजे सुईत विश्वासाचा वाटा मोठा आहे आणि विश्वासापलीकडचा वाटा लहान, पण शून्य नाही. ब्रिटनमधल्या राष्ट्रीय मार्गदर्शक संस्थेनं २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी सुया देऊ नका असं सांगितलं आणि २०२१ मध्ये कारण न सापडणाऱ्या जुनाट दुखण्यासाठी विचार करा असं सांगितलं. पुरावा काठावरचा असला की असंच होतं.

तो लहान वाटा कुठून येतो, याचा शोध या शतकात पुन्हा प्रयोगशाळेत गेला. व्हर्मांटच्या हेलन लॅन्जेव्हिन यांनी पाहिलं की सुई गोल फिरवली की कातडीखालच्या जोडऊतींचे धागे तिच्याभोवती गुंडाळले जातात आणि तो ताण आसपासच्या पेशींना जाणवतो. सुई काढताना ती धरून ठेवल्यासारखी वाटते, हा उपचार करणाऱ्यांचा जुना अनुभव. त्याचं शारीरिक कारण मिळालं. २०१० मध्ये रॉचेस्टर विद्यापीठातल्या गटानं उंदराच्या गुडघ्याखालच्या 'झूसानली' बिंदूवर सुई फिरवली, तेव्हा तिथं अडेनोसिन हे रसायन खूप वाढलं आणि दुखणं कमी झालं. ज्या उंदरांमध्ये अडेनोसिनचा निरोप घेणारी जागाच जन्मतः नव्हती, त्यांना सुईचा काही उपयोग झाला नाही. उंदराला सुईवर विश्वास असायचं कारण नाही, म्हणून हा पुरावा वजनदार. २०१७ मध्ये मनगटात नस दबल्यामुळे बोटांना मुंग्या येणाऱ्या ८० रुग्णांवर अभ्यास झाला. तक्रारी खऱ्या आणि खोट्या दोन्ही सुयांनी कमी झाल्या, पण नसेतून जाणारा निरोप मोजला, तेव्हा तो खऱ्या सुयांनीच सुधारलेला दिसला. माणसाला काय वाटतं आणि नस काय सांगते, या दोन गोष्टी तिथं पहिल्यांदा इतक्या स्वच्छ वेगळ्या झाल्या.

आणि २०२१ मध्ये हार्वर्डच्या चिउफू मा यांच्या गटाचा शोध 'नेचर'मध्ये आला. उंदराच्या मागच्या पायातल्या झूसानली बिंदूवर कमी ताकदीचा प्रवाह दिला, तर पायातले एका विशिष्ट जातीचे तंतू जागे होतात, निरोप मेंदूत जातो, तिथून व्हेगस नसेवाटे मूत्रपिंडावरच्या ग्रंथींना पोहोचतो आणि शरीरातला दाह उतरतो. ते तंतू पायाच्या खोल भागात आहेत, पोटाच्या भिंतीत तसे नाहीत, म्हणून तोच प्रवाह पोटावर दिला तर हा मार्ग उघडत नाही. जागा महत्त्वाची असू शकते, याचं शरीररचनेवर उभं असलेलं हे पहिलं ठोस उत्तर. उंदरात मिळालेलं उत्तर माणसाला लागू होईलच असं नाही, हे खुद्द संशोधकही जाणून आहेत.

भारतात या काळात काय घडलं? मुख्यतः प्रसार आणि कायदा. पश्चिम बंगालनं १९९६ मध्ये ॲक्युपंक्चरचा कायदा केला, बसूंच्या कर्मभूमीला ते साजेसंच. केंद्रानं २००३ मध्ये ॲक्युपंक्चरला उपचाराची एक रीत म्हणून मुभा दिली आणि २०१९ मध्ये स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्र विधिमंडळानं २०१५ चा ॲक्युपंक्चर चिकित्सा पद्धती अधिनियम केला आणि त्याखाली परिषद, नोंदणी, अभ्यासक्रम आले. कोणीही उठून सुया टोचू नयेत, प्रत्येक रुग्णाला नवी निर्जंतुक सुई मिळावी, छातीवर खोल टोचून फुप्फुसाला भोक पडू नये, यासाठी असा कायदा हवाच होता आणि त्याचं मी मनापासून स्वागत करतो. पण कायदा टोचणाऱ्याची पात्रता ठरवतो. टोचल्यानं कोणत्या दुखण्याला किती फरक पडतो, हे ठरवणं त्याच्या आवाक्यातलं नाही. ते काम हान यांच्यासारख्या, विश्वास न ठेवता मोजणाऱ्या माणसांचं आहे.

यवतमाळला हे मोजणं नुसत्या कुतूहलासाठी नको आहे. दिवाळीच्या आसपास कापूस फुटला की बाया पहाटे घरचं आवरून शेतावर जातात. कमरेला फडकं बांधायचं, वाकायचं, दोन्ही हातांनी बोंडातून कापूस ओढायचा आणि ओटीत टाकायचा. मजुरी किलोवर. कापूस हलका, त्यामुळे किलो भरायला वाकणं फार. वेचणी तीन-तीन वेळा होते. मग तूर आहे, हरभरा आहे, डोक्यावरचं पाणी आहे, सरपण आहे. चाळिशी यायच्या आत कंबर धरते, गुडघे बोलायला लागतात, बोटांना मुंग्या येतात. उपाय काय, तर मेडिकलमधली दुखण्याची गोळी. एकीनं भागलं नाही तर दोन, उपाशीपोटी, वर्षानुवर्षं. या गोळ्या जठराला आणि मूत्रपिंडाला काय करतात, ते कुठल्याही सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरला विचारावं. येनानच्या डोंगरात ज्या कारणानं सुई पुन्हा हातात घेतली गेली, त्यातली बरीचशी कारणं आपल्या पांढरकवड्यात, झरीत, घाटंजीत आजही आहेत: डॉक्टर लांब, पैसा कमी, दुखणं रोजचं.

म्हणून हा अभ्यास इथं व्हावा, असं मला वाटतं. यवतमाळला १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, कापसाचा हंगाम दर वर्षी येतो आणि नोंदणी झालेले सुईचे उपचारक आता कायद्यानं शोधता येतात. कंबरदुखी असलेल्या वेचणाऱ्या बायांची संमती घ्यावी, चिठ्ठ्या टाकून तीन गट पाडावेत: पहिल्याला खरी सुई, दुसऱ्याला आत न जाणारी खोटी सुई, तिसऱ्याला व्यायाम आणि नेहमीचा सल्ला. मोजणाऱ्याला कोण कुठल्या गटात आहे, हे कळू देऊ नये. दुखण्याचा आकडा लिहावाच, पण त्याच्या शेजारी महिन्याला किती गोळ्या गिळल्या आणि दिवसाला किती किलो कापूस वेचला, हेही लिहावं. हंगाम संपल्यावर सहा महिन्यांनी पुन्हा विचारावं. दुसऱ्या आणि पहिल्या गटात फरक निघाला नाही, तर तेही तितक्याच ठळकपणे छापावं, आणि खऱ्या सुईनं गोळ्या निम्म्यावर आल्या, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात सुईची पाकिटं ठेवायला पैसे मागावेत.